प्रोग्रॅम मोडमध्ये कॅमेरा शटर आणि ॲपर्चर कसे ठरवतो?

प्रश्न : प्रोग्रॅम मोडवर, आयएसओ (सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता) १०० वर कायम ठेवून, मी एकाच जागेवरून एकाच प्रकाशात दोन छायाचित्रे काढली. झूम लेन्स ५० मिलिमीटरवर असताना कॅमेऱ्याने एफ ५.६ आणि १/१२५ सेकंद ही जोडी निवडली, तर २०० मिलिमीटरवर एफ ४ आणि १/२५० सेकंद. प्रकाश तोच असताना निवड का बदलली, आणि यांतली योग्य कोणती?

उत्तर : प्रकाशाच्या हिशेबाने दोन्ही जोड्या समान आहेत. एफचा आकडा म्हणजे ॲपर्चरचे, लेन्समधल्या प्रकाश आत येण्याच्या छिद्राचे, माप; आकडा जितका लहान, तितके छिद्र मोठे. एफ ५.६ वरून एफ ४ वर आल्यास लेन्समधून येणारा प्रकाश जवळपास दुप्पट होतो आणि शटर उघडे राहण्याचा वेळ निम्मा केला की तो पुन्हा पूर्वीइतका होतो. एफ ८ आणि १/६० किंवा एफ २.८ आणि १/५०० यांनीही सेन्सरवर तेवढाच प्रकाश पडला असता. एक्स्पोजर व्हॅल्यूच्या, म्हणजे शटर-ॲपर्चरची जोडी एका आकड्यात मांडण्याच्या, मोजणीत या सर्व जोड्यांची किंमत १२ येते. कॅमेऱ्यातला प्रकाश मोजणारा मीटर फक्त ही किंमत सांगतो. तिच्यातली कोणती जोडी घ्यायची, हे कॅमेऱ्यात आधीच भरलेल्या एका आलेखावरून ठरते. त्याला प्रोग्रॅम लाइन म्हणतात.

ही रेषा प्रत्येक कंपनीची, कधीकधी प्रत्येक मॉडेलचीही, थोडी वेगळी असते. पण तिची साधारण चाल सारखीच आहे. प्रकाश फार कमी असताना ॲपर्चर पूर्ण उघडे ठेवले जाते आणि फक्त शटरचा वेग बदलतो. प्रकाश वाढत जाऊन शटर हातातल्या कॅमेऱ्यासाठी सुरक्षित मानल्या जाणाऱ्या वेगापर्यंत पोहोचले, की तिथून पुढे दोन्ही गोष्टी मिळून बदलू लागतात : शटर थोडे जलद होते, ॲपर्चर थोडे लहान होते. अखेर ॲपर्चर आणखी लहान करता येत नाही, तेव्हा वाढत्या प्रकाशाचा सगळा भार पुन्हा शटरवर येतो.

तुमच्या प्रश्नाचे उत्तर त्या सुरक्षित वेगात आहे. हाताचा कंप छायाचित्रात उतरू नये यासाठी शटरचा वेळ फोकल लेंथच्या (लेन्सच्या मिलिमीटरमधल्या आकड्याच्या) व्यस्त प्रमाणात, म्हणजे ५० मिलिमीटरला सुमारे १/५० आणि २०० मिलिमीटरला सुमारे १/२०० सेकंदापेक्षा जास्त नसावा, असा जुना नियम आहे. लांब लेन्स दृश्याबरोबर कंपही मोठा करून दाखवते. म्हणून लेन्सकडून फोकल लेंथची माहिती मिळताच अनेक कॅमेरे संपूर्ण रेषाच जलद शटरच्या बाजूला सरकवतात आणि त्या बदल्यात ॲपर्चर मोठे करतात. स्थिर विषयासाठी २०० मिलिमीटरवरची ती निवड मला समंजस वाटते.

योग्य जोडी मात्र विषयावर अवलंबून आहे, आणि सर्वसाधारण प्रोग्रॅम लाइन प्रकाश आणि फोकल लेंथ जाणते, विषय जाणत नाही. समोर पाण्याची धार आहे, धावणारे मूल आहे की स्थिर भिंत आहे, याचा तिच्या हिशेबात समावेश नसतो. मुलासाठी १/५०० हवे असेल, तर बहुतेक कॅमेऱ्यांत मुख्य डायल फिरवून त्याच एक्स्पोजरची दुसरी जोडी घेता येते. या सोयीला प्रोग्रॅम शिफ्ट म्हणतात. ५० मिलिमीटरच्या तुमच्या उदाहरणात डायल दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा होण्याचे अंतर) फिरवल्यास एफ २.८ आणि १/५०० मिळेल, अर्थात लेन्स तेवढी उघडत असेल तरच. विषयाच्या मागचे आणि पुढचे तपशील मात्र त्या प्रमाणात अधिक अस्पष्ट होतील. प्रोग्रॅम मोड नवशिक्यांचा म्हणून हिणवला जातो, ते मला पटत नाही. शिफ्ट वापरणाऱ्याच्या हाती तो अतिशय जलद आणि लवचीक साधन ठरतो.

प्रश्न : प्रोग्रॅम शिफ्ट केल्यावरही छायाचित्र तेवढेच काळपट येते. असे का?

उत्तर : शिफ्टमुळे एकूण प्रकाश बदलत नाही, फक्त त्याची वाटणी बदलते. छायाचित्र उजळ हवे असल्यास एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (मीटरने ठरवलेल्या प्रकाशात वाढ-घट करण्याची सोय) अधिक एक करावे. विषयाच्या मागे उजळ आकाश असताना मीटर फसतो, तेव्हा हाच उपाय लागतो, आणि तो केल्यानंतरही शिफ्ट वापरता येतेच.