युक्तिवादात दावा कुठला, कारण कुठलं आणि भावनेला हात घालणं कुठलं, हे कसं ओळखावं?

तुम्ही लिहिलंय की दावा, कारण, पुरावा यांच्या व्याख्या पाठ आहेत, ईथॉस-पॅथॉस-लोगॉस ही पटवण्याच्या तीन मार्गांची ग्रीक नावंही पाठ आहेत, पण लेख समोर आला की सगळं एकमेकांत मिसळतं. मी बरीच वर्षं वादविवाद स्पर्धांसाठी मुलांची तयारी करून घेतो. ही अडचण जवळपास प्रत्येकाला येते. कारण युक्तिवादातला सगळ्यात महत्त्वाचा भाग बहुतेक वेळा कागदावर लिहिलेलाच नसतो.

एकदा सरावात आठवीतली एक मुलगी ठामपणे म्हणाली, ‘शाळेत मोबाइलवर बंदी हवी, कारण मुलं त्यात रमतात.’ दावा स्पष्ट होता, कारणही खरं होतं. मी एवढंच विचारलं, ‘रमतात म्हणून बंदी का?’ ती थांबली. ‘मुलं ज्यात रमतात त्यावर बंदी घालावी’ हे तिने मनात धरलेलं वाक्य मोठ्याने म्हटल्यावर तिचं तिलाच पटेना. मग चित्रकलेवर आणि गोष्टींच्या पुस्तकांवरही बंदी आली की! तिने कारण खोडलं आणि लिहिलं, ‘तास चालू असताना एक मोबाइल वाजला की सगळ्या वर्गाचं लक्ष उडतं.’ आता कारणाला दाव्याशी जोडणारा, न बोललेला मधला दुवा पक्का झाला: ज्याने वर्गाचं लक्ष उडतं ते वर्गात नको. पण त्याबरोबर दावाही आक्रसला. शाळाभर बंदी या कारणावर उभी राहीना, ‘तासाला मोबाइल बंद’ एवढंच राहिलं.

हा मधला दुवा शोधता आला की बाकीचे भाग आपोआप जागेवर बसतात. ब्रिटिश तत्त्वज्ञ स्टीफन टूलमिन यांनी १९५८ साली त्याला ‘वॉरंट’ म्हटलं. आपल्या न्यायदर्शनाने, म्हणजे तर्कावर भर देणाऱ्या प्राचीन भारतीय तत्त्वज्ञानाच्या शाखेने, तो कितीतरी आधी पकडला होता. त्यातलं पाच पायऱ्यांचं अनुमान बघा: डोंगरावर आग आहे (प्रतिज्ञा), कारण तिथे धूर आहे (हेतू), जिथे धूर तिथे आग, जशी स्वयंपाकघरात (उदाहरण), इथेही तसाच धूर आहे (उपनय), म्हणून डोंगरावर आग आहे (निगमन). सगळा भार तिसऱ्या पायरीवर आहे. ‘जिथे धूर तिथे आग’ या नियमाला व्याप्ती म्हणतात आणि ती उलटी करून चालत नाही. तापून लाल झालेल्या लोखंडी गोळ्यात आग असते, धूर नसतो. मुलं सर्वांत जास्त चुकतात ती इथेच. ‘यशस्वी माणसं पहाटे उठतात, म्हणून पहाटे उठा, यशस्वी व्हाल’ या वाक्यात व्याप्ती उलटी धरली आहे.

आता ते तीन ग्रीक शब्द. ॲरिस्टॉटलने हे पटवण्याचे तीन मार्ग म्हणून सांगितले. बोलणाऱ्यावरचा विश्वास म्हणजे ईथॉस, ऐकणाऱ्याची मनःस्थिती म्हणजे पॅथॉस, आणि मांडणीतलं तर्काचं बळ म्हणजे लोगॉस. प्रत्येक वाक्याला यातलं एकेक लेबल लावत बसू नका, एकच वाक्य दोन कामं करतं. समजा कुणी लिहिलं: ‘मी अतिदक्षता विभागात परिचारिका आहे. काल एका मुलाच्या आईने त्याचे बूट छातीशी धरून रात्र काढली. त्याने हेल्मेट घातलं नव्हतं.’ यातलं बुटांचं वाक्य हाताने झाका. ‘हेल्मेट वापरा’ या दाव्याचा आधार तसूभरही कमी होत नाही, पण वाचणाऱ्याच्या पोटातला खड्डा नाहीसा होतो. म्हणजे ते पॅथॉसचं वाक्य. पहिलं वाक्य झाकलं तर ‘हे सांगणारे तुम्ही कोण?’ असा प्रश्न उरतो, तो ईथॉस. आणि हेल्मेटने डोक्याची इजा खरोखर टळते का, याचा पुरावा या तीन वाक्यांत कुठेच नाही, हेही झाकून बघितल्यावरच लक्षात येतं.

म्हणून भावना म्हणजे लबाडी असं मात्र समजू नका. आपण मरणार हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण मरण जवळ दिसत नाही म्हणून कुणी त्याची भीती बाळगत नाही, हे निरीक्षण ॲरिस्टॉटलचंच. लांबचं संकट जवळ आणून दाखवणं हे पॅथॉसचं रास्त काम आहे. संकट जेवढं आहे त्याहून मोठं दाखवलं, तर ती फसवणूक.

ईथॉसबद्दलही एक गैरसमज पक्का बसलेला असतो, की तो पदवीतून किंवा नावातून येतो. ॲरिस्टॉटलच्या मते तो भाषणातूनच निर्माण व्हायला हवा: बोलणाऱ्याची समज, सचोटी आणि ऐकणाऱ्याबद्दलची सदिच्छा यांतून. त्या मुलीने स्पर्धेत सांगितलं, ‘मधल्या सुट्टीत मोबाइलला माझी हरकत नाही.’ तोवर हाताची घडी घालून बसलेले परीक्षक पुढे सरकून ऐकू लागले.

सरावासाठी एखादा अग्रलेख घ्या आणि ‘कारण’, ‘म्हणून’, ‘त्यामुळे’ या शब्दांना गोल करा. लेखकाने न लिहिलेलं मधल्या दुव्याचं वाक्य प्रत्येक गोलाशेजारी समासात पूर्ण लिहून काढा. ‘अर्थातच’, ‘साहजिकच’, ‘सर्वांना माहीत आहे’ असं काही दिसलं तर तिथे जास्त वेळ द्या. दुवा कच्चा असला की लिहिणारा बऱ्याचदा याच शब्दांनी तो झाकतो.