पहिल्या घरभेटीला जाताना

अगं, उद्या कळव्याच्या त्या घरी गेलीस की लगेच फाईल उघडू नकोस. आधी आईला विचार, रात्री झोप लागली का? बाळ कितीदा कण्हलं, कुशीवर वळवलं की रडलं, सगळं तिथूनच कळतं.

पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे गंभीर आजारात दुखणं आणि त्रास कमी करणारी काळजी, म्हटलं की घरच्यांना वाटतं, डॉक्टरांनी हात टेकले. तसं नाही, निदान झाल्यापासून उपचारांच्या जोडीनेच ती सुरू करता येते. हे पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. मॉर्फिनचं, म्हणजे तीव्र दुखण्यावरच्या अफूपासूनच्या औषधाचं, नाव काढलं तर वडील दचकतील. ते रुग्णांना सहज मिळावं म्हणून २०१४ साली कायद्यात बदल झाला, भीती मात्र तशीच आहे. दुखणं थांबवायला डॉक्टरांनी ठरवलेल्या मात्रेत, वेळच्या वेळी दिलं तर मुलाला त्याचं व्यसन सहसा लागत नाही. पोट मात्र घट्ट होतं, म्हणून शौचाला झाली का हे दर भेटीला विचारच.

आणि भावंडं! दिघ्याला एका घरी आठ वर्षांची थोरली बहीण कायम दाराआड उभी असायची. एकदा हळूच म्हणाली, ‘मी त्याला ढकललं होतं, म्हणून आजारी पडला का?’ किती महिने ते पोटात घेऊन फिरत होती पोर. मी तिच्याशेजारी फरशीवर बसले, ‘नाही गं, अजिबात नाही’ म्हणत राहिले. उद्या दाराआड कोण उभं आहे, तेही बघ.