‘काहीच वाटत नाही’ म्हणणाऱ्या माणसाच्या पोटातला गोळा

‘वडील गेले तरी ह्यांच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. तेरावं झालं आणि चौदाव्या दिवशी हे कामावर. काय होतंय विचारलं की एकच उत्तर, काही नाही. ह्यांना काही वाटतच नाही का?’

समुपदेशनाला येणाऱ्या बायका आणि आया हा प्रश्न फार वेळा विचारतात. ज्याच्याबद्दल तो विचारला जातो तो माणूस शेजारच्याच खुर्चीत बसलेला असतो, आणि बरेचदा म्हणतो, ‘मलाही तेच विचारायचंय.’

इथली केस दोन-तीन जणांच्या अनुभवांतून जुळवली आहे आणि ओळख लागेल असे तपशील बदलले आहेत. वय ४१, चाकणला कारखान्यात सुपरवायझर. छातीत जळजळ, बरगड्यांखाली गोळा आल्यासारखं होणं, झोप तुटक. ईसीजी, स्ट्रेस टेस्ट, एंडोस्कोपी सगळं व्यवस्थित. ‘टेन्शन घेऊ नका’ असं सांगून डॉक्टरांनी पाठवलं होतं. त्यांचं म्हणणं होतं, ‘मी टेन्शन घेतच नाही. मला काही वाटत नाही.’ ते खोटं बोलत नव्हते, हे आधी त्यांच्या पत्नीला समजावून सांगावं लागलं.

भावना दाबणं वेगळं आणि ती न सापडणं वेगळं. दाबणाऱ्याला आपल्याला राग आलाय हे ठाऊक असतं, तो फक्त चेहऱ्यावर येऊ देत नाही. जेम्स ग्रॉस आणि रॉबर्ट लेव्हेन्सन ह्या मानसशास्त्रज्ञांनी १९९० च्या दशकात हे प्रयोगात तपासलं. चित्रफीत बघताना भावना लपवायला सांगितलेल्या लोकांचे चेहरे शांत राहिले, पण शरीरातला ताण उलट वाढला. दुसऱ्या प्रकारात माणूस लपवत नसतो, त्याला आतलं काही ओळखूच येत नाही. मनोविकारतज्ज्ञ पीटर सिफ्निओस यांना बॉस्टनमध्ये शारीरिक तक्रारी घेऊन येणाऱ्या रुग्णांत हे वारंवार दिसलं आणि १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी त्याला ॲलेक्सिथायमिया हे नाव दिलं. ग्रीक मुळावरून अर्थ निघतो, भावनेला शब्द नसणं. हा आजार नाही, स्वभावाचा एक पैलू आहे, कमी-जास्त प्रमाणात असणारा. वेगवेगळ्या पाहण्यांत तो ठळक असणारे साधारण दहात एक निघतात.

मोजण्यासाठी टोरांटो मोजपट्टी वापरतात. २० विधानं, प्रत्येकाला १ ते ५ गुण. बेरीज ५१ पर्यंत असली तर अडचण नाही, ५२ ते ६० सीमेवर, ६१ किंवा त्याहून जास्त असली तर ठळक. ह्यांचे ६६ आले. पण नुसती बेरीज बघून उपयोग नसतो, तीन भाग वेगळे बघावे लागतात. भावना ओळखण्यातली अडचण ३५ पैकी २६, सांगण्यातली २५ पैकी १९, बाहेरच्या गोष्टींतच लक्ष असण्याचे मात्र ४० पैकी २१. म्हणजे आत बघायला नकार नव्हता, बघून काय दिसतंय ते कळत नव्हतं. नैराश्यातही हे गुण वाढतात, म्हणून त्याची चाचणी वेगळी घेतली. काही नैराश्यविरोधी गोळ्यांनीही भावना बोथट होतात, तेव्हा चालू औषधं विचारलीच पाहिजेत. अशी गोळी कुणाला चालू असेल तर ती मनाने बंद करू नये, लिहून देणाऱ्या डॉक्टरांशी बोलावं.

अशा माणसाला पहिल्याच भेटीत ‘तुम्हाला काय वाटतं?’ विचारणं म्हणजे पोहता न येणाऱ्याला विहिरीत ढकलणं. ‘रडून मोकळे व्हा’ हेही तसंच. रिचर्ड लेन आणि गॅरी श्वार्ट्झ यांनी १९८७ साली भावनेच्या जाणिवेच्या पाच पायऱ्या मांडल्या. आधी शरीरातली जाणीव, मग काहीतरी करावंसं वाटणं, मग एखादी सुटी भावना, मग मिश्र भावना, आणि शेवटी दुसऱ्याच्या आणि आपल्या मिश्र भावना एकदम कळणं. ह्या गृहस्थांना पहिल्या दोन पायऱ्या येत होत्या, म्हणून काम तिथूनच सुरू केलं.

शंभर पानी वहीत पाच रकाने आखायचे. वेळ, शरीरात कुठे काय, आधीच्या पंधरा मिनिटांत काय घडलं, काय करावंसं वाटलं, आणि पाचवा रकाना शब्दाचा, जो पहिले दोन आठवडे मुद्दाम कोरा ठेवायचा. मोबाईलवर तीन गजर लावायचे, सकाळी ११, संध्याकाळी ५, रात्री साडेनऊ. गजर झाला की डोक्यापासून खाली जायचं: कपाळ, जबडा, घसा, छाती, पोट, तळहात. दोन मिनिटांपेक्षा जास्त नाही. ‘त्रास होईल तेव्हा लिहीन’ असं ठरवलं की वही कोरी राहते, कारण त्रास झाल्याचं कळणं हीच तर अडचण आहे. शिवाय साध्या दिवशी जबडा किती सैल असतो ते कळल्याशिवाय आवळलेला ओळखता येत नाही.

तिसऱ्या आठवड्यात शब्दाचा रकाना उघडला आणि ठरलेल्या दोन चुका झाल्या. पहिली आपल्या भाषेतलीच आहे. मराठीत ‘वाटणं’ विचारालाही चालतं आणि भावनेलाही. त्यांनी लिहिलं, ‘मला वाटतं की त्याने मशीन न तपासताच सुरू केलं.’ हा विचार झाला. ओळखायची खूण सोपी आहे: ‘वाटतं’नंतर ‘की’ येत असेल तर बहुतेक तो विचार असतो. ‘वाईट वाटतं’, ‘लाज वाटते’ इथे ‘की’ बसत नाही. दुसरी चूक, सगळीकडे एकच शब्द: टेन्शन. आठवडाभर तो शब्द बंद केला आणि पंधरा शब्दांचा एक कागद दिला. पुढे काहीतरी वाईट होईल असं असेल तर धास्ती. कुणी मर्यादा ओलांडली असेल तर राग. छोट्या छोट्या गोष्टी साचल्या तर वैताग. चारचौघांत कमीपणा आला तर ओशाळलेपण. करायचं राहून गेलेलं टोचत असेल तर रुखरुख. जवळचं माणूस लांब गेल्यावर हुरहूर. कागदाच्या मागे शरीरातून आलेले वाक्प्रचार होते: पोटात गोळा येणं, घशाशी आवंढा येणं, डोकं भणभणणं, हातपाय गळणं, जीव टांगणीला लागणं. मराठी माणसासाठी हा मागचा भाग जास्त उपयोगी पडतो असं आमचं मत आहे. भावनेचं नाव विचारलं की गप्प होणारे लोक ‘डोकं भणभणतं की पोटात गोळा येतो?’ याला लगेच उत्तर देतात.

पाचव्या आठवड्यातली एक नोंद अशी होती. रविवार, संध्याकाळी ६.४०. बरगड्यांखाली गोळा, जबडा आवळलेला. आधी काय घडलं: काहीच नाही, चहा, टीव्ही. काय करावंसं वाटलं: फोन उचलून बघावा. शब्दाच्या जागी ‘राग’ लिहून खोडलेलं. बाकी दिवस गोळा कामावरून येई, म्हणून रविवारचाही सोमवारच्या पाळीमुळेच असेल असं त्यांनी धरलं होतं. ‘फोनमध्ये काय बघायचं होतं?’ एवढंच विचारलं. बराच वेळ गेला. मग म्हणाले, वडील रविवारी साडेसहाला फोन करायचे. शेवटच्या रविवारी ‘कामात आहे, नंतर करतो’ म्हणून ठेवला होता. कागदावर बोट फिरवत ते ‘रुखरुख’वर थांबले आणि म्हणाले, ‘हां. हे.’ रडू आलं नाही, ते यावं असा आमचा आग्रहही नव्हता.

नाव सापडल्याने नेमकं काय होतं, यावर मॅथ्यू लिबरमन आणि सहकाऱ्यांचा २००७ चा प्रयोग आहे. रागावलेले, घाबरलेले चेहरे दाखवून त्यांना भावनेचं नाव द्यायला सांगितलं, तेव्हा मेंदूतल्या अमिग्डाला ह्या धोक्याची सूचना देणाऱ्या भागाची हालचाल कमी झाली आणि कपाळामागचा उजवीकडचा एक भाग जास्त कामाला लागला. जेम्स पेनेबेकर यांच्या १९८६ च्या प्रयोगात रोज १५ मिनिटं, चार दिवस, मनाला लागलेल्या गोष्टींवर लिहून घेतलं होतं. ती पद्धत चांगली आहे, पण अशा माणसाला सुरुवातीलाच कोरं पान दिलं तर तो घटनांची जंत्री लिहून देतो. म्हणून ती इथे आठव्या आठवड्यानंतर वापरली.

पत्नीशी वेगळं बोलणं गरजेचं होतं. वर्षानुवर्षं ‘काही नाही’ ऐकणं एकाकी करतं आणि त्यांची तक्रार खरी होती. त्यांना तीन गोष्टी सुचवल्या. ‘तुम्ही चिडलाय’ असा निकाल देण्याऐवजी दिसतंय तेवढंच सांगायचं: ‘जबडा आवळलाय तुमचा.’ उघडा प्रश्न नको, दोन पर्याय द्यायचे: ‘दमलाय की कशाचा वैताग आलाय?’ आणि समोरासमोर बसून नाही, गाडीत किंवा भाजी निवडताना विचारायचं, मग गप्प राहायचं. उत्तर यायला अशा माणसाला वेळ लागतो आणि मधली शांतता आपण भरून काढली की ते येतच नाही.

छातीत दुखत असेल तर आधी डॉक्टर, वही नंतर. जगण्यात अर्थ नाही असे विचार येत असतील तर वहीची वाट बघू नये. टेली-मानस ह्या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ ह्या मोफत क्रमांकावर चोवीस तास मराठीतूनही बोलता येतं.

सहा महिन्यांनी तीच मोजपट्टी पुन्हा दिली. बेरीज ५७ झाली होती. ओळखण्याचे गुण २६ वरून १९ वर आले, सांगण्याचे फक्त दोनने उतरले, बाहेर लक्ष असण्याचे तेवढेच राहिले. जळजळ अधूनमधून होते. तीनपैकी रात्री साडेनऊचा गजर त्यांनी चालू ठेवला आहे, आणि रविवारी साडेसहाला ते आता गावी आईला फोन लावतात.