ठाण्यात राहतो, घरच्या घरी सुतारकाम शिकायचंय. चांगली हत्यारं कशी ओळखायची?

मोठा संच घेऊ नका, त्यातलं निम्मं पडून राहतं. पटाशी (लाकूड कोरायची छिन्नी), रंधा (लाकूड तासून सपाट करायचं हत्यार), करवत, गुण्या (काटकोन तपासायची पट्टी) आणि हातोडी एवढ्यावर साधं स्टूल होतं.

गुण्या दुकानातच तपासा. सरळ कडेच्या प्लायच्या तुकड्यावर टेकवून रेघ मारा, मग गुण्या उलटा करून त्याच बिंदूतून दुसरी रेघ. दोन्ही एकावर एक आल्या तर काटकोन खरा. दुकानदार कपाळाला आठ्या घालेल, घालू दे. रंध्याच्या तळाला स्टीलची पट्टी उभी लावून उजेडाकडे धरा. मधून उजेड झिरपला तर परत द्या.

पटाशीची पाठ सपाट हवी. नवी पटाशीसुद्धा धार लावूनच वापरायची, साधारण २५ ते ३० अंशांत, म्हणून थोडे पैसे १००० ग्रिटच्या (ग्रिट म्हणजे दगडाच्या बारीकपणाचं माप) धारेच्या दगडासाठी राखून ठेवा. महागडी पण बोथट पटाशी काय कामाची? करवतीच्या दातांची टोकं निळसर-काळी असतील तर ती कडक केलेली असतात, कानशीने परत धार लागत नाही.

खरेदीला लोकलने मुंबईच्या मशीद स्टेशनला उतरा, नागदेवी स्ट्रीटवर निवड भरपूर आहे. आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात लोखंडाला तेलाचा हात फिरवत राहा.