‘उपजत माणसाळलेला’ बिबट्या

निफाडकडच्या एका वाचकाचा प्रश्न आहे : ‘उसात जन्मलेला बिबट्या उपजतच माणसाळलेला असतो’ हे वाक्य बरोबर आहे का? आणि सरावणे, सोकावणे, माणसाळणे हे तिन्ही शब्द एकाच अर्थाचे का?

नाहीत. आणि वाक्यही चुकलं आहे.

आधी ‘उपजत’. उपजणे म्हणजे जन्माला येणे. त्यामुळे उपजत म्हणजे न शिकता, अंगात घेऊनच आलेलं. पण अंगात असलेली गोष्ट जन्मल्या दिवशीच दिसली पाहिजे असं मुळीच नाही. सुगरण पक्ष्याची विणायची ओढ उपजत, तरी ती दिसते वयात आल्यावर. (नाव सुगरण असलं तरी खोपा विणतो तो नर, हा घोळ भाषेचा.) शिवाय कोवळ्या नराचे पहिले खोपे ओबडधोबड होतात, सरावाने चोच बसते. म्हणजे एकाच खोप्यात उपजतही आहे आणि शिकलेलंही. ‘हे उपजत की शिकलेलं?’ असा प्रश्न अख्ख्या वर्तनाबद्दल विचारला की उत्तर हमखास चुकतं. त्याचे तुकडे पाडून एकेकाबद्दल विचारावं.

‘सहजप्रवृत्ती’ हा पाठ्यपुस्तकी शब्दही इथे दगा देतो. सह + ज, म्हणजे सोबत जन्मलेलं, हा त्याचा मूळ अर्थ. पण आपण ‘सहज आलो होतो’ म्हणतो, ‘सहज जमलं’ म्हणतो. त्यामुळे सवयीने सोपं झालेलं कामही लोकांना ‘सहजप्रवृत्ती’ वाटू लागतं. सामान्य वाचकासाठी लिहिताना ‘उपजत’च बरा.

आता ‘माणसाळलेला’. यात एक घडलेली क्रिया आहे : आधी तो प्राणी माणसाला बुजत होता, मग माणसाच्या सहवासात राहून त्याची भीती गेली, तो जवळ येऊ देऊ लागला. जे घडून गेलंय ते उपजत कसं असेल? ‘उपजत माणसाळलेला’ म्हणजे ‘जन्मतःच शिकवलेला’ म्हटल्यासारखं झालं. माणसाळतो तो एकेक प्राणी, आणि त्याच्या पिल्लाला पुन्हा शून्यापासून माणसाळवावं लागतं. पिढ्यान्‌पिढ्या निवड करून अंगातच उतरलं, तर त्याला पाळीव जात म्हणायचं. सोव्हिएत जनुकशास्त्रज्ञ दिमित्री बेल्यायेव यांनी 1959 मध्ये सायबेरियात नेमकं हेच सुरू केलं. दर पिढीत माणसाला सर्वांत कमी घाबरणारे कोल्हे निवडून त्यांचीच पैदास केली, आणि काही पिढ्यांत माणसाजवळ शेपूट हलवत येणारी पिल्लं जन्मू लागली. त्या पिल्लांना ‘उपजत माणसाळू’ म्हणता येईल. -ळू आणि -ळलेला एवढाच फरक, पण सगळं शास्त्र त्यात आहे. आपल्याकडच्या बिबट्याची अशी निवड कुणी केलेली नाही.

मग उसातल्या बिबट्याचं काय झालंय? तो सरावलाय. सरावणे म्हणजे एखादी गोष्ट वारंवार घडली, तिच्यातून ना फायदा झाला ना इजा, म्हणून तिच्याकडे लक्ष देणंच सुटलं. सोकावणे याच्या उलट अंगाचं : काहीतरी पदरात पडलं, शिक्षा झाली नाही, म्हणून पुन्हा पुन्हा येणं. ‘काळ सोकावतो’ ही म्हण याच अर्थाची. आवड फक्त जिभेची असेल तर चटावणे. म्हणून बिबट्या उसाला सरावतो, उसाला सोकावतात ती रानडुकरं. बिबट्या सोकावलाच तर वस्तीवरच्या कुत्र्यांना किंवा शेळ्यांना.

रामकुंडावरच्या कबुतरांत दोन्ही एकत्र दिसतं. पायाजवळून माणूस गेला तरी ती उडत नाहीत, ही सरावली. दाण्याची पिशवी खुळखुळली की लांबून झेपावतात, ही सोकावली. मानसशास्त्राच्या मराठी पुस्तकांत पिशवीच्या आवाजाची दाण्याशी पडलेली गाठ म्हणजे ‘अभिजात अभिसंधान’, आणि केलेल्या कृतीला बक्षीस मिळून ती पक्की होणं म्हणजे ‘साधक अभिसंधान’. शिकलेल्या गोष्टीच्या नावात ‘अभिजात’, म्हणजे मुळात चांगल्या कुळात जन्मलेला, हा शब्द यावा ही गंमतच आहे.

ही निवड नुसती शब्दांची नाही, हे द्राक्षबागायतदाराला लगेच पटेल. मणी गोड होऊ लागले की साळुंक्या, बुलबुल बागेत उतरतात. डबे वाजवले की सुरुवातीला थवा उठतो, काही दिवसांत उठेनासा होतो. याला सरसकट ‘पाखरं सोकावली’ म्हणतात, पण कारणं निरनिराळी असू शकतात. आधी डब्याची जागा, आवाज आणि वेळ बदलून पाहा. थवा पुन्हा दचकून उठला तर पाखरं सरावली होती, म्हणजे आवाज सतत बदलता ठेवला तर उपयोग होईल. उठून लगेच त्याच ओळीवर परतली तर सोकावली आहेत. तिथे कितीही डबे वाजवा, घड हाताशी आहेत तोवर ती येणारच, जाळीच लागेल. आणि डबा वाजताच उलट जवळ आली, तर त्यांनी आवाजाची पिकल्या घडाशी गाठ घातली आहे. मग वाजवणं थांबवलेलंच बरं.

उपजत काय ते ओळखायला मात्र अशी घरगुती कसोटी पुरत नाही. कोकीळ कावळ्याच्या घरट्यात वाढूनही ‘कुहू’च करतो, हे उदाहरण सगळे देतात, पण पिल्लाच्या कानावर आसपासचे कोकीळ पडतातच की. जास्त नेमका प्रयोग साळुंकीच्या कुळातल्याच युरोपीय पक्ष्यांवर झाला. डच पक्षिशास्त्रज्ञ पेर्डेक यांनी स्थलांतराच्या वाटेवरचे हजारो पक्षी नेदरलँड्समध्ये पकडून स्वित्झर्लंडमध्ये सोडले; निष्कर्ष 1958 मध्ये छापले. आधी एकदा प्रवास केलेले पक्षी वळून नेहमीच्या मुक्कामाकडे निघाले. पहिल्यांदाच निघालेली पिल्लं जुन्याच दिशेने उडत राहिली आणि स्पेनकडे पोचली. दिशा उपजत, मुक्काम शिकलेला.

तेव्हा तुमचं वाक्य असं करा : ‘उसात जन्मलेला बिबट्या माणसाच्या वावराला लहानपणापासून सरावलेला असतो.’ ‘माणसाळलेला’ काढाच. तो शब्द वाचून उद्या कुणी जवळ जायचा.