डिस्क भरत आली म्हणून व्हॅक्यूम फुल मारू नकोस

प्रिय मित्रा,

तुझी मेल वाचली. पोस्टग्रेस डेटाबेसात ऑर्डर्सच्या टेबलमधल्या जुन्या रो (नोंदी) उडवल्यास, तरी डिस्क होती तेवढीच भरलेली, आणि आता रात्री व्हॅक्यूम फुल, म्हणजे टेबल आवळून लहान करणारी कमांड, मारू का, असं विचारतोयस. आज तरी नको.

पोस्टग्रेसमध्ये डिलीट केलेली रो लगेच जात नाही. आधीपासून चालू असलेल्या एखाद्या ट्रान्झॅक्शनला (एकत्र पार पडणाऱ्या कामांच्या गटाला) ती अजून दिसायला हवी असते, म्हणून ती जागेवरच राहते. अपडेटचंही तसंच: नवी प्रत लिहिली जाते, जुनी तिथेच पडून. अशा रोंना मेलेल्या म्हणतात. साधा व्हॅक्यूम, म्हणजे नेहमीची साफसफाई, ही जागा मोकळी करतो, पण त्याच टेबलासाठी. प्रवासी उतरले म्हणून रेल्वेचा डबा लहान होत नाही, सीट पुढच्या स्टेशनवरच्यांना मिळते. ज्या टेबलात रोज भर पडते तिथे अशी रिकामी जागा असलेली बरीच.

व्हॅक्यूम फुल मात्र अख्खं टेबल नव्या फाइलमध्ये लिहून काढतो आणि ते संपेपर्यंत जुनी फाइल ठेवतो. म्हणजे जागा कमी म्हणून सुरू केलेल्या कामालाच आधी जागा लागते! शिवाय तोवर टेबलावर असं लॉक असतं की साधं सिलेक्टसुद्धा (नुसतं वाचणंही) अडकतं. रात्रीचे रिपोर्ट कोण चालवतं, ते तुला माहीत आहेच.

आधी जागा कोणी अडवलीय ते बघ. पीजी_स्टॅट_अ‍ॅक्टिव्हिटीमध्ये, म्हणजे चालू कनेक्शनच्या यादीत, कोणी तासन्‌तास ‘आयडल इन ट्रान्झॅक्शन’ (ट्रान्झॅक्शन उघडं ठेवून रिकामं) बसलंय का? अशी एक कनेक्शन उघडी राहिली, तरी तिच्यानंतर मेलेल्या रो व्हॅक्यूमला उचलता येत नाहीत, तो कितीही वेळा धावो. मग रेप्लिकेशन स्लॉट्स बघ: रेप्लिकाने, म्हणजे डेटाबेसच्या दुसऱ्या सर्व्हरवरच्या प्रतीने, बदल कुठवर घेतले याची ही खूण. रेप्लिका बंद केली पण स्लॉट काढायचा राहिला, तर बदलांची नोंद ठेवणारं पीजी_वॉल फोल्डर फुगत जातं आणि बोल टेबलांना लागतो. आवृत्ती १३ पासून मॅक्स_स्लॉट_वॉल_कीप_साइझने याला मर्यादा घालता येते, मुळात ती नसते. त्या फोल्डरमधल्या फाइली मात्र हाताने उडवू नकोस. कधीच. डेटाबेस कदाचित परत उभाच राहणार नाही.

इंडेक्स, म्हणजे रो पटकन शोधायची सूची, हा माझा आवडता भाग, कारण इथे जागाही सुटते आणि इन्सर्टही हलके होतात. पीजी_स्टॅट_यूजर_इंडेक्सेसमध्ये आयडीएक्स_स्कॅन (किती वेळा वापरला) शून्य असलेले शोध. पण रेप्लिकावरचे आकडे वेगळे असतात, तेही बघ. युनिक इंडेक्स शून्यावर दिसला तरी हात लावू नकोस, तो डुप्लिकेट अडवायला ठेवलेला असतो. वापरातला इंडेक्स फुगला असेल, तर तो नव्याने बांधायला आवृत्ती १२ पासून रीइंडेक्स कॉन्करन्टली आहे. लिहिणं-वाचणं चालू राहतं, फक्त नव्या इंडेक्सपुरती जागा तात्पुरती लागते.

ऑटोव्हॅक्यूमने (आपोआप चालणाऱ्या व्हॅक्यूमने) लोड येतो म्हणून तो बंद करणारे भेटतील. त्यांचं ऐकू नकोस. उलट मोठ्या टेबलांवर तो फार उशिरा जागा होतो: मूळ सेटिंगमध्ये साधारण २० टक्के रो मेल्यावर. १० कोटींच्या टेबलात म्हणजे २ कोटी. तेवढ्या टेबलापुरता स्केल फॅक्टर, म्हणजे हे प्रमाण, ०.०१ कर, म्हणजे १० लाखांवरच काम सुरू होईल.

ऑर्डर्स दरवर्षी उडवायच्याच असतील, तर तारखेवर महिन्याचे पार्टिशन (टेबलाचे वेगळे तुकडे) कर. जुना महिना ड्रॉप केला की जागा थेट ऑपरेटिंग सिस्टिमकडे जाते आणि मागे मेलेल्या रो उरत नाहीत. एक अडचण आहे: प्रायमरी की मध्ये (प्रत्येक रो ओळखणाऱ्या किल्लीत) तारीख घ्यावी लागेल, आणि त्यावर तुमचे अ‍ॅपवाले कुरकुर करतील.

एवढं करूनही टेबल आता कायमचं लहानच राहणार असेल, तर टेबल नव्याने लिहून काढणारं वेगळं एक्स्टेन्शन, पीजी_रिपॅक, वापर. तो लॉक फार थोडा वेळ घेतो, पण जागा त्यालाही दुप्पट लागते.

आज रात्री काही चालवू नकोस. फक्त स्लॉट्सची यादी आणि सगळ्यात जुन्या ट्रान्झॅक्शनची सुरुवातीची वेळ मला पाठव. मला स्लॉटचाच संशय आहे.