सॉफ्टनर बसवूनही टीडीएस तेवढाच, म्हणजे फसवणूक झाली का?

सॉफ्टनरच्या (म्हणजे जड पाणी मऊ करणाऱ्या यंत्राच्या) आधी टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, ८५० आणि नंतरही ८५०, असं तुम्ही लिहिलंय. निदान या आकड्यावरून तरी तुम्ही फसलेले नाही. हेच मी आमच्या दिरांना तीन वर्षं सांगतेय.

आमच्या गिझरची कॉइल दोनदा गेली. दुसऱ्यांदा काढली तेव्हा तिच्यावर पांढऱ्या दगडासारखं पुट चढलेलं. मग सॉफ्टनर घेतला. दीर आले ते खिशात टीडीएस मीटर घेऊनच. आधीचं आणि नंतरचं पाणी मोजलं, आकडा सारखा, आणि भरल्या घरात म्हणाले, "वहिनी, तुम्हाला गंडवलंय." मी तरातरा दोन बाटल्या आणल्या, दोन्ही पाणी भरून शाम्पूचे थेंब टाकले, हलवल्या. दोन्हीकडे सारखाच फेस! सगळे हसले. शाम्पूला जड पाण्यातही फेस येतो, हे मला रात्री अंथरुणावर आठवलं. सकाळी अंघोळीचा साबण किसून टाकला, तर सॉफ्टनरच्या पाण्याच्या बाटलीत गळ्यापर्यंत फेस आणि दुसरीत नुसता पांढरट साका. (जड पाण्यासाठीचा शाळेतला 'दुष्फेन' शब्द तेव्हा पटला.) पण दीर पहाटेच निघून गेले होते.

मीटर पाण्यातून वीज किती वाहते त्यावरून क्षारांचा अंदाज बांधतो. ते कोणते, हे त्याला कळत नाही. सॉफ्टनर क्षार कमी करत नाही, बदलतो. पाणी जड करणारं ४० ग्रॅम कॅल्शियम अडकवलं की ४६ ग्रॅम सोडियम सोडतो, मग आकडा उतरणार कुठून? सोडियमचा कॉइलवर थर बसत नाही, हे महत्त्वाचं.

टीडीएसच उतरवायचा असेल तर आरओ (क्षार गाळून काढणारा फिल्टर), तोही पिण्यापुरता. सगळ्या घराला लावून पाणी गटारात सोडू नका. थर बसू नये म्हणून पाइपवर चुंबक बसवायला तर मी एक पैसा देणार नाही.

सॉफ्टनरच्या टाकीत मीठ वेळेवर घालता ना? ते संपलं की आत येईल तसंच जड पाणी बाहेर. आणि हो, हे आधीच सांगायला हवं होतं: घरात कुणाला डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं असेल, तर पिण्याचा नळ सॉफ्टनरच्या आधीच्या लाइनवर घ्या. कुंड्यांनाही तेच पाणी घाला.

खरं मोजायचं तर हार्डनेस किट मिळतं. किटमधला रंग घालून पाणी लालसर करून घ्यायचं आणि ते निळं होईपर्यंत किटमधल्या द्रावणाचे थेंब टाकत मोजायचे. सॉफ्टनर नीट चालत असेल तर एक-दोन थेंबांतच निळं होतं. मी आणून ठेवलंय. दीर पुढच्या महिन्यात यायचेत.